पांढऱ्या खड्याचं कारण

लेकीच्या, मिहिकाच्या पित्ताशयात खडे आहेत, हे शाळेकडून आलेल्या निरोपात वाचलं तेव्हा केतकी खोत घाबरली. पण खालची ओळ वाचून ती वैतागली, आणि तो वैताग पुढे कित्येक महिने उतरला नाही.

‘खड्यांचा घटक : कॅल्शियम कार्बोनेट. कारण : सापडले नाही. कुटुंबाने कारणभेटीसाठी उपस्थित राहावे.’

“सापडले नाही म्हणजे?” तिच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत सासूबाई म्हणाल्या. “सरकारनं एवढं मशीन आणलंय. खालच्या शिरगुप्पेंच्या पोराचं तर चुटकीसरशी सापडलं होतं.”

ते खरं होतं. शिरगुप्पेंच्या पोराचे खडे पिवळे, कोलेस्टेरॉलचे निघाले. कारण म्हणून मुलाचं वजन आणि घरातलं तळण नोंदलं गेलं. तेव्हापासून शिरगुप्पेबाई दर शनिवारी आहार-सुधार वर्गाला जात होत्या, आणि त्या कुठं जातात हे अर्ध्या जयसिंगपूरला माहीत होतं.

शाळेत दर जूनमध्ये मुलांच्या पोटावर एक रुंद पट्टा बांधत. पूर्वीच्या सोनोग्राफीत खडा आहे एवढंच दिसायचं. तो कशाचा बनलाय हे पोटातून बाहेर काढल्यावरच कळे. या पट्ट्यातून प्रकाशाचे बारीक झटके आत जात. प्रकाश शोषला की खडा केसभर तापायचा, केसभर फुगायचा आणि त्या फुगण्याचा अगदी सूक्ष्म आवाज व्हायचा. कोलेस्टेरॉल एका रंगाच्या प्रकाशाला जास्त आवाज करायचं, रक्ताच्या रंगद्रव्याचा खडा दुसऱ्याला, चुन्याचा तिसऱ्याला. पट्टा ते ऐकायचा आणि सुरी न लावता खड्याची जात सांगायचा.

गोष्ट चांगलीच होती. पण पट्टा आल्यावर न दुखणारे, कुणाला कधी कळलेही नसते असे खडेसुद्धा सापडू लागले. आईबाप घाबरून सर्जनांच्या दारात उभे राहू लागले. हजारो मुलांची पित्ताशयं विनाकारण निघाली. मग कायदा झाला : जिवावर बेतलं नसेल तर कारण निश्चित झाल्याशिवाय मुलाचं पित्ताशय काढायचं नाही. आधी कारण, मग उपचार. कायदा चांगल्या हेतूनं केला होता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडायला कुणी सापडत नव्हतं.

मिहिकाचे खडे मात्र गप्प बसणारे नव्हते. गेले दोन-तीन महिने जेवण झालं की मधूनच ती उजव्या बरगडीखाली हात दाबून वाकायची, घामाघूम व्हायची, ओकायची. घरच्यांनी ते आधी शाळा चुकवायचं नाटक समजलं, मग ॲसिडिटी. नऊ वर्षांच्या पोरीला पित्ताचे खडे होत असतील हे डोक्यातच आलं नव्हतं.

*

डॉ. माणगावे मिरजेला लहान मुलांचे सर्जन होते. पन्नाशी उलटलेले, आवाज थकलेला. मिहिकाला बाहेर तिच्या वडिलांपाशी, अमोघपाशी बसवून त्यांनी केतकीला कागदावर एक छोटी पिशवी काढून दाखवली.

“यकृत पित्तरस बनवतं, ही पिशवी तो साठवते. आपण जेवलो की आकसते आणि रस आतड्यात सोडते. त्या रसात जे विरघळून राहायला हवं ते खाली बसलं की त्याचा खडा होतो. तुम्ही माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहात ना? मग साका बसणं तुम्हाला सांगायला नको.”

“साका का बसला ते सांगा.”

“तेच तर. पिवळा खडा असता तर मी कोलेस्टेरॉल म्हटलं असतं. मोठ्यांचा आजार, आता वजनदार मुलांचाही झालाय. काळा असता तर रक्त तपासलं असतं. सिकलसेलसारख्या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांचा रंग पित्तात उतरतो आणि कॅल्शियमशी जोडी जमवून बसतो. तपकिरी असता तर जंतूंची लागण शोधली असती. हा पांढरा आहे. मोठ्या माणसांत फार क्वचित दिसतो, मुलांत त्या मानानं जास्त. पिशवीच्या तोंडाची नळी मध्येच अडत असावी, रस साचून राहत असावा, मग अस्तरातून पाझरलेल्या चिकट द्रवात हे कार्बोनेट बसत असावं, असं आम्ही समजतो.”

“नळी का अडते?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काही मुलांना लहानपणी फार दिवस शिरेतून पोषण दिलेलं असतं. काहींच्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं असतं. काहींना एखादं जोरदार अँटिबायोटिक. मिहिकाला यातलं काहीच झालेलं नाही. तिचं रक्त ठीक, वजन ठीक, यकृत ठीक. आम्ही शिकत होतो तेव्हा अशा ठिकाणी ‘इडिओपॅथिक’ लिहायचो. शब्द भारदस्त आहे, पण अर्थ एवढाच की आम्हाला ठाऊक नाही. आता तो शब्द चालत नाही.”

“पण ऑपरेशन करायला हवंय ना?”

“हवंय. पिशवी खड्यांनी भरलीय, आकसतच नाही. दुखणं येत राहणार.”

“मग तातडीचं म्हणून करा.”

“ताप नाही, कावीळ नाही. तातडीचं म्हणून लिहिलं तर तोच पट्टा उद्या मला खोटं पाडेल.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “कारणभेटीत काहीतरी सांगा.”

“काहीतरी म्हणजे काय?”

“सगळे काहीतरी सांगतात, मॅडम.”

*

काहीतरी सांगायला घरात माणसांची वाण नव्हती.

“तू सातव्या महिन्यापर्यंत मातीत हात घालून बसायचीस,” सासूबाईंनी ताटं घेता घेता सुरुवात केली. “मी तेव्हाच म्हणत होते, रजा टाक. गावोगावची माती, तीत काय काय असतं. पोटातल्या पोराला लागणारच की.”

“आई, मी मातीचे नमुने तपासते, खात नाही.”

“वास तर जातो ना नाकात?”

“मातीचं सोड,” अमोघ म्हणाला. अमोघचं सौर पंपांचं दुकान होतं, त्यामुळं जगातली बहुतेक दुखणी त्याला पाण्यात दिसत. “आपलं बोअरचं पाणी बघ. बादलीला पांढरा थर चढतो. तोच थर हिच्या पोटात चढला. साधी गोष्ट आहे.”

“त्या बोअरचं पाणी या इमारतीतली सगळी पोरं पितात.”

“मग तू सांग ना दुसरं कारण!”

संध्याकाळी केतकीच्या आईचा तासगावहून फोन आला. तिचं म्हणणं वेगळंच होतं. जावयाच्या काकांना दोनदा कावीळ झाली होती, त्यांच्या घराण्यातच पित्त आहे, आणि हे लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या. पुढचा अर्धा तास दोन विहिणी काविळीवरून एकमेकींना इतक्या आदरानं बोलत होत्या, की केतकीनं शेवटी फोन उचलून बंद करून टाकला.

तिचं स्वतःचंही एक कारण होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मिहिका चार महिन्यांची असताना ती कामावर हजर झाली आणि अंगावरचं दूध सुटलं. याचा खड्याशी काही संबंध नाही हे ती जाणून होती. डॉक्टरांनाही विचारून झालं होतं. तरी आंघोळ करताना, गाडी चालवताना, कुणाच्या तरी शेताची माती चाळताना ते कारण डोकं वर काढायचं. स्वतःवर चिडण्यासारखं दुसरं थकवणारं काम नाही, असं तिला वाटू लागलं होतं.

या सगळ्या काळात मिहिका बिनतेलाची मऊ खिचडी चिवडत बसलेली असायची. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं पाहायची. कुणी तिला काही विचारलं नाही.

*

सांगलीचं कारण केंद्र स्वच्छ होतं, भिंतींवर हसऱ्या मुलांची चित्रं होती आणि एसी इतका जोरात, की सासूबाईंनी पदर खांद्याभोवती लपेटून घेतला. समन्वयक म्हणून फिरदोस मुजावर नावाची तिशीतली बाई होती. तिनं सगळ्यांना गोल टेबलाभोवती बसवलं. टेबलाच्या मधोमध एक चपटी पांढरी तबकडी होती. तिच्यातून आवाज आला. बाईचा, मऊ, घाई नसलेला.

“नमस्कार. आपण सगळे मिळून मिहिकाच्या आजाराचं कारण शोधणार आहोत. कुणालाही दोष देणं हा आपला हेतू नाही. जे आठवेल ते मोकळेपणानं सांगा.”

आणि सगळ्यांनी मोकळेपणानं सांगितलं. सासूबाईंनी माती सांगितली. अमोघनं बोअर सांगितलं. यंत्र ऐकून घ्यायचं, दोन क्षण थांबायचं आणि म्हणायचं, “धन्यवाद. हे कारण खड्याच्या घटकाशी पुरेसं जुळत नाही. आणखी काही आठवतं का?” चिडावं तर चिडायला समोर कुणी नाही. केतकीनं तिसऱ्यांदा सांगितलं, “डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्यात. त्यांना कारण सापडलेलं नाही. आम्हालाही माहीत नाही.”

“समजलं. आणखी काही आठवतं का?”

“नाही आठवत. म्हणजे आठवण्यासारखं काही घडलेलंच नाही.”

“समजलं. गरोदरपणातल्या आहाराविषयी काही आठवतं का?”

केतकीनं मुठी टेबलाखाली घेतल्या. ती काही बोलणार, एवढ्यात शेजारून बारीक आवाज आला.

“मी पेन्सिल खाल्ली.”

सगळे मिहिकाकडं वळले. ती तबकडीकडंच पाहत होती.

“पाटीवरची,” ती म्हणाली. “पांढरी. दुसरीपासून खाते. रोज एक. कधी दोन. ती पण चुन्याचीच असते ना? माझे खडे पण चुन्याचे आहेत. तुम्ही घरी बोलत होता तेव्हा मी ऐकलं. ते माझ्यामुळंच झालंय.”

लहान मुलांना पडदे दाखवायचे नाहीत असा नियम आल्यापासून चौथीपर्यंतच्या वर्गांत पुन्हा पाट्या आल्या होत्या, आणि पाट्यांबरोबर पेन्सिली. पोरं त्या खातात हे सगळ्या बायांना माहीत होतं. स्वतः केतकीनं लहानपणी खाल्ल्या होत्या. सासूबाईंनीही खाल्ल्या असणार.

तबकडी या वेळी दोन क्षण थांबली नाही.

“धन्यवाद, मिहिका. तू फार धीटपणे सांगितलंस. कॅल्शियमयुक्त पदार्थाचं दीर्घकाळ सेवन. हे कारण खड्याच्या घटकाशी जुळतं. कारण नोंदवण्यायोग्य आहे. कारणाचा स्रोत : बालक स्वतः. शस्त्रक्रियेला मंजुरी देता येईल. बालकासाठी सवय-सुधार सत्रं सुचवली जातील. पालकांपैकी एकानं अंगठा ठेवावा.”

टेबलाच्या काठावर एक हिरवा गोल उजळला.

खोलीतली हवाच सैल झाली. “बघा,” सासूबाई म्हणाल्या, “पोरीलाच माहीत होतं. आणि आपण इकडं...” त्यांनी वाक्य सोडून दिलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या कित्येक दिवसांत नव्हती ती शांती होती. माती सुटली होती, बोअर सुटलं होतं, दोन्हीकडची घराणी सुटली होती. अमोघनं मोठा श्वास सोडला आणि अंगठा पुढं केला.

केतकीनं त्याचं मनगट धरलं.

“काय झालं?” तो म्हणाला.

“हे खोटं आहे.”

“ती स्वतः सांगतेय.”

“ती नऊ वर्षांची आहे अमोघ! खाल्लेली पेन्सिल पित्ताशयात जाऊन बसत नाही. तिकडं जायला वाटच नाही.” तिनं तबकडीकडं बोट केलं. “आणि हे त्याला माहीत असायला हवं.”

“माहीत असू दे, नसू दे. मंजुरी मिळतेय. परवा ऑपरेशन होईल. पोरगी रोज तळमळतेय ते तुला दिसत नाही का?”

“दिसतंय. म्हणून तिनं आयुष्यभर हे घेऊन फिरायचं? आपल्या पोटात खडे झाले, पोट फाडायला लागलं, आणि ते आपणच केलं म्हणून? कागदोपत्री? आपल्या अंगठ्यानं?”

“मग माझं नाव टाक. पाण्याचं टाक. काहीही टाक, पण आज सुटू दे इथनं!” अमोघचा आवाज चढला. मिहिका खुर्चीत आक्रसून बसली.

“पालकांपैकी एकानं अंगठा ठेवावा,” तबकडी म्हणाली.

“तू गप्प बस!” केतकी ओरडली.

तबकडी खरोखर गप्प बसली. फिरदोस मुजावर उठली, तिनं काठावरची कळ दाबून यंत्र थांबवलं आणि केतकीला दाराबाहेर बोलावलं.

“मॅडम, मी एक विचारू?” कॉरिडॉरमध्ये ती हळू आवाजात म्हणाली. “‘माहीत नाही’ हेच तुमचं उत्तर आहे? शेवटपर्यंत?”

“खरं तेच आहे.”

“मी इथं सुरुवातीपासून आहे. हे उत्तर घेऊन शेवटपर्यंत कुणी टिकलेलं मी पाहिलं नाही. आईबाप दमतात. पोराला दुखत असतं. मग काहीतरी देतात. मी गरोदर असताना पपई खाल्ली, मी लवकर कामावर गेले, मी मारलं होतं त्याला एकदा पोटात. यंत्राला जुळलं की बंद.”

केतकीनं मध्येच विचारलं, “आणि जुळतं कशावरून?”

“आधीच्या भेटींवरून. आतापर्यंत लोकांनी जी कारणं दिली त्यांवरून ते शिकलंय ना.”

आपल्या प्रयोगशाळेत मातीचा अहवाल शेतकऱ्यांनी स्वतःच अंदाजानं भरून आणला आणि आपण त्यावरून खतं सांगत सुटलो, तर काय होईल, ते केतकीच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. टीव्हीवर सांगत होते, बहुतेक सगळ्या मुलांच्या बाबतीत कारण सापडतं. सापडणारच. न सापडायची सोयच नव्हती. इथं बसलेल्या आयांनी दमून जे काही कबूल केलं होतं, ते या तबकडीत मुरत गेलं होतं, आणि आता तीच तबकडी मऊ आवाजात पुढच्या आयांना विचारत होती, गरोदरपणातल्या आहाराविषयी काही आठवतं का?

“हे तुम्ही वर कुणाला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं. कारण विचारलं त्यांनी,” फिरदोस म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं, पण ते लगेच विरलं. “एक वाट आहे. नियमात आहे, आम्ही सांगत नाही, कारण लोकांना ती झेपत नाही. मी ‘भेट अपूर्ण’ असं लिहू शकते. मग ऑपरेशनला तात्पुरती मंजुरी मिळते. पण कारण सापडेपर्यंत घरातल्या एका मोठ्या माणसानं दर महिन्याला इथं यायचं. पुन्हा हेच प्रश्न. ती अठरा वर्षांची होईपर्यंत.”

“दर महिन्याला?”

“एक महिना चुकला तर चौकशी तुमच्या घरी येते.”

केतकीनं काचेतून आत पाहिलं. अमोघ डोकं धरून बसला होता. सासूबाई मिहिकाच्या केसांवरून हात फिरवत होत्या, आणि मिहिका रडू नये म्हणून ओठ आत ओढून बसली होती.

“लिहा,” ती म्हणाली.

गाडी जयसिंगपूरच्या वेशीपाशी आल्यावर अमोघ न राहवून म्हणाला, “नऊ वर्षं, केतकी. नऊ वर्षं दर महिन्याला सांगली. फक्त तुझ्या हट्टापायी.”

“हो,” ती म्हणाली. हट्टच होता तो. दुसरं नाव तिला सुचेना.

*

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी सांगून केतकी मिहिकाला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. बाटल्या, चाळण्या, मातीच्या पिशव्या यांच्यामधल्या एका उंच स्टुलावर तिला बसवलं.

“पेन्सिल आणलीस?”

मिहिकानं दप्तराच्या तळातून कुरतडलेला तुकडा काढला. केतकीनं तो काचेच्या बशीत ठेवला आणि सौम्य आम्लाची बाटली घेतली. माती चुनखडीची आहे का, हे बघायला ती रोज हेच करायची. मनात तिनं ठरवून टाकलं होतं की पेन्सिली शंखजिऱ्याच्या असतात, त्यावर आम्लाचा काही परिणाम होणार नाही, आणि पोरीला म्हणता येईल, बघ, तुझी पेन्सिल चुन्याची नव्हतीच.

थेंब पडला आणि पेन्सिल फसफसली. पांढरे बुडबुडे भराभर वर आले.

“चुन्याचीच आहे,” मिहिका म्हणाली. तिचा चेहरा पडला.

केतकीला स्वतःचाच राग आला. आधी एकटीनं करून बघायला काय झालं होतं? मग तिनं आणखी थेंब टाकले, टाकतच गेली. तुकडा लहान झाला, बारीक झाला आणि बशीत नुसतं गढूळ पाणी उरलं.

“आता पेन्सिल कुठाय?”

“विरघळली.”

“तुझ्या पोटात असंच आम्ल असतं. तू पेन्सिल खाल्लीस की तिथं हेच होतं. पित्ताची पिशवी पोटाच्या एका बाजूला, यकृताखाली लोंबते, तिच्यात फक्त यकृताकडून रस येतो. पोटातनं पेन्सिल उडी मारून तिकडं जाऊ शकत नाही.”

मिहिका बशीकडं पाहत विचार करत होती. तिच्या आजीसारखी भुवई चढवून.

“पण विरघळलेलं रक्तात जातं ना? आणि रक्त यकृतात जातं. बाईंनी शिकवलंय.”

“जातं. पण दूध प्यायलीस तरी जातं, नाचणीची भाकरी खाल्लीस तरी जातं. शरीर त्याचा हिशेब ठेवतं. जास्तीचं बाहेर टाकतं. तुझ्या वर्गातली किती पोरं पेन्सिल खातात?”

“सगळीच.”

“त्यांना खडे झाले?”

“नाही.” तिनं मान वर केली. “मग मला का झाले?”

केतकीनं बाटलीचं झाकण लावलं. खोटं बोलायला आत्ता इतकं सोपं होतं. एखादं निरुपद्रवी, गोड कारण दिलं असतं तर पोरगी हसली असती.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“तुला पण?”

“मला नाही, बाबांना नाही, डॉक्टरांना नाही. पुढं कधीतरी कुणीतरी शोधून काढेल. आज कुणालाच माहीत नाही.”

“त्या मशीनला?”

“त्याला तर मुळीच नाही.”

मिहिकानं बशी हलवून आतलं गढूळ पाणी पाहिलं. मग तिनं विचारलं, “म्हणजे मी पेन्सिल खाऊ शकते?”

“नाही! दात झिजतात, मातीतले जंतू जातात आणि मला राग येतो. तेवढी कारणं पुरे आहेत.”

पोरगी हसली. पोटावर हात दाबूनच, पण हसली.

*

ऑपरेशन नीट झालं. डॉ. माणगावेंनी छोट्या बाटलीत खडे घालून दाखवले. ओल्या खडूच्या चुऱ्यासारखे, ठिसूळ, पांढरे. पिशवीच्या तोंडाची नळी खरोखर अरुंद होती, ते म्हणाले. “जन्मतःच अरुंद की नंतर झाली?” केतकीनं विचारलं. “सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि या वेळी ते म्हणताना त्यांचा आवाज आधीइतका थकलेला वाटला नाही. त्यांनी तेच वाक्य आपल्या अहवालात लिहिलं. यंत्रानं ते परत पाठवलं. त्यांनी पुन्हा तसंच लिहिलं.

मिहिका आठवड्यात घरभर हिंडू लागली, पंधरवड्यात सायकलवर बसली आणि खिचडीचं नाव काढलं की कानावर हात ठेवू लागली.

कारणभेटी मात्र चालू राहिल्या. पहिल्या दोन महिन्यांत केतकी गेली. दोन्ही वेळा तेच आर्जव, तोच मऊ आवाज, तेच “आणखी काही आठवतं का?” दोन्ही वेळा ती दात आवळून परत आली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत कुणाशी धड बोलली नाही. अमोघ “मी सांगितलं होतं” असं म्हणत नसे, पण म्हणत नाही हे नीट दिसेल असं वागत असे. तिसऱ्या महिन्यात नेमक्या त्या दिवशी प्रयोगशाळेत तपासणी निघाली. अमोघनं दुकानाचं कारण पुढं केलं.

“मी जाते,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तिथं माती-बिती काही बोलू नका हं,” केतकी म्हणाली. “ नाहीतर सगळं परत पहिल्यापासून.”

“मला कळतं काय बोलायचं ते. तू तुझं काम बघ.”

संध्याकाळी केतकी घरी आली तेव्हा सासूबाई पाय पसरून सोफ्यावर बसल्या होत्या, साडीसुद्धा बदलली नव्हती. समोर चहाचा रिकामा कप होता.

“काय झालं?”

“मेलं तेच तेच विचारतंय!” त्या उसळल्या. “किती वेळा सांगावं माणसानं? माहीत नाही म्हटलं की म्हणतंय समजलं, आणि पुन्हा विचारतंय. समजलं तर विचारतोस कशाला? मला म्हणे, सुनेच्या गरोदरपणात काही वावगं आठवतं का. मी म्हटलं, नऊ महिने ती माझ्या डोळ्यांसमोर होती, काही वावगं केलं नाही तिनं. तर म्हणे, धन्यवाद, आणखी काही आठवतं का. तासभर बसवून ठेवलं. माझा घसा बसला.”

केतकी त्यांच्या शेजारी बसली. तिला हसावं की रडावं कळेना.

“तुम्ही असं सांगितलंत?”

“मग काय सांगणार?” सासूबाईंनी तिच्याकडं न बघता पदरानं मान पुसली. थोड्या वेळानं आवाज उतरवून म्हणाल्या, “पण केतकी, खरंच माहीत नाही का गं कुणालाच?”

“खरंच नाही, आई.”

सासूबाई खिडकीकडं पाहत राहिल्या. खाली मिहिका सायकलची घंटी वाजवत कुणाला तरी बाजूला व्हायला सांगत होती.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि साडी बदलायला उठल्या.